गप्प राहिलेलं पोर

१

“हरकत नाही.”

आमच्या यंत्राने एवढंच छापलं. त्यावर विश्वास ठेवून रुग्णालयाच्या औषधालयाने सांधेदुखीच्या गोळ्या दिल्या, आणि पालवोल्जी झिगमोंद नावाचा निवृत्त ट्रामचालक आठवड्याच्या आत रक्ताच्या उलट्या करत कोसळला. रक्त पातळ ठेवण्याची गोळी तो आधीपासून घेत होता. या दोन गोळ्या एकत्र द्यायच्या नसतात. हे आमच्या यंत्राला ठाऊक होतं, आणि असलं काही वेळीच सांगावं म्हणूनच रुग्णालयाने आमच्याशी टेलिफोनची तार जोडली होती.

मी एतेलका, बुडा टेकडीवरच्या संशोधनसंस्थेत तर्कविभागाची सेक्रेटरी. आमच्याकडे प्रोलॉग नावाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहितात. मला त्यातलं फार कळत नाही, पण लिहिणाऱ्या माणसांबद्दल विचाराल ते सांगेन. आयुष्यभर त्यांचीच तर टायपिंगं केली.

त्या सकाळी मी प्रोफेसर कारास तिवदार यांचा अहवाल टाइप करत होते, आणि प्रत्येक ओळीला माझी बोटं अडत होती. अहवाल सांगत होता की चूक बोद्नार रेकाची. रक्ताविषयीचा एक नियम तिने निष्काळजीपणे पुसला आणि बोभाटा झाल्यावर गुपचूप परत घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी समिती बसणार होती. रेकाची नोकरी जाणार हे ठरल्यासारखंच होतं, आणि म्हातारा दगावला तर पुढे पोलीस. ही पोरगी आमच्यात सगळ्यात लहान. सकाळी आल्यावर माझ्या कुंड्यांना पाणी घालणारी तेवढी एकटीच. मला रडू येत होतं आणि रागही.

दार न वाजवता एक उंच बाई आत आल्या. ओला ओव्हरकोट त्यांनी सरळ माझ्या टाइपरायटरवर ठेवला.

“डॉक्टर हालापी हेडविग. रुग्णालयाने चौकशीला पाठवलंय,” त्या म्हणाल्या. “पूर्वी शवविच्छेदन करायचे. मेलेली माणसं विचारलं की सांगतात. जिवंत लपवतात, म्हणून जरा वेळ लागेल.”

प्रोफेसरसाहेब बाहेर आले, बाईंच्या हाताचं चुंबन घेतलं, खुर्ची दिली. वागण्यात ते राजा माणूस.

“यात चौकशी करण्यासारखं काय आहे, डॉक्टरीणबाई? आमचा तर्क सरळ आहे. जे सिद्ध होत नाही, ते खोटं धरायचं. धोका सिद्ध झाला नाही, म्हणून यंत्र म्हणालं हरकत नाही. धोका का सिद्ध झाला नाही? कारण नियम जागेवर नव्हता. नियम कोणाच्या ताब्यात? रेकाच्या.”

“आणि यंत्र अजून चालू आहे?”

“का नसावं? नियम आता जागेवर आहे.”

हालापीबाईंनी मान डोलावली. मग माझ्याकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, “एतेलकाबाई, अहवालाचं शेवटचं पान आज टाइप करू नका.”

२

रेका कोपऱ्यातल्या खोलीत बसली होती. तिचे डोळे सुजले होते. मी कॉफी ठेवली, ती तिने हातात नुसती धरून ठेवली.

“हे बघ पोरी,” हालापीबाई म्हणाल्या, “मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. स्वयंपाकघरातल्या भाषेत सांग.”

रेकाने नाक पुसलं. “एक आई आहे. म्हणजे मुख्य प्रोग्रॅम, तो सरांनी लिहिलाय. रुग्णालयातून औषधांची नावं आली की आई स्वतःसारखीच पोरं काढते. एक हृदयाचं बघतं, एक मूत्रपिंडाचं, एक रक्ताचं.”

“स्वतःसारखीच म्हणजे?”

“हुबेहूब. जन्मताना पोराला आईइतकंच माहीत असतं. पण त्या क्षणापासून दोघांची डोकी वेगळी. पोराला पुढे काय सापडलं, ते आईला आपोआप कळत नाही. दोघांच्या मध्ये एक नळी असते. पोराने नळीतून सांगितलं, तरच आईला कळणार.”

“आणि पोरं काम करतात तेव्हा आई काय करते?”

“झोपते. नळीला कान लावून. काही आलं की जागी होते.”

“झोपलेली आई यंत्राचा वेळ खाते?”

“अजिबात नाही. ती चालू आहे हे शोधावं लागतं. यंत्राला पिळून काढतात ती पोरं. त्यातही माझं रक्ताचं जास्त, कारण त्याच्याकडे नियम जास्त. बाकीची पोरं उत्तर देऊन मोकळी होतात तरी हे आपलं एकेक जोडी तपासत बसलेलं असतं. सिलार्द मला चिडवतो, तुझं पोर तुझ्यासारखंच, दहा वेळा कुलूप ओढून बघणारं.” ती हसायला गेली, पण जमलं नाही.

“नियम पुसला होतास?”

“नाही.”

“पण बातमी आली त्या सकाळी तू ती फाइल उघडलीस.”

“उघडली. आधी मला तेच सुचलं. नियम होता तिथेच होता. मी सवयीने ती पुन्हा जतन केली आणि तिच्यावर नवी तारीख पडली. आता मी काहीही सांगितलं तरी कोण ऐकणार? हीच दोन औषधं मी पुन्हा पुन्हा घालून पाहिली. पोर प्रत्येक वेळी ‘धोका’ म्हणतं.”

“म्हणजे शिकवलेलं त्याला येतं. मग त्या दिवशी ते खोटं का बोललं?”

रेकाने कप खाली ठेवला. “तेच मला कळत नाही. पालवोल्जीबाईंनी फोनवर मला मारेकरीण म्हटलं. सरांनीच त्यांना माझं नाव सांगितलं होतं. सर कधी चुकत नाहीत, बाई. कदाचित मीच काहीतरी केलं असेल आणि मला आठवत नसेल.”

निरपराध माणूस स्वतःवरच संशय घ्यायला लागलेला बघणं फार वाईट. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. हालापीबाईंनी मात्र ओव्हरकोट उचलला.

“चला एतेलकाबाई, औषधालयात. मला वाटतं, आपण सगळे चुकीचा प्रश्न विचारतोय.”

३

औषधालयातली लेंके मला ओळखते, आम्ही गरम पाण्याच्या एकाच सार्वजनिक स्नानगृहात जातो. एरवी हसरी, बोलघेवडी बाई. त्या दिवशी तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“मी नावं बरोबर घातली होती,” ती घाईघाईने म्हणाली. “दोन्ही. ही बघा पट्टी, वर नावं, खाली उत्तर. माझ्या गळ्यात घालू नका हं.”

“कोणी घालत नाहीये. ती वेळ आठवते?”

“आठवते ना! तुमच्या प्रोफेसरांचा नामदिन होता, कॅलेंडरमधला त्यांच्या नावाच्या संताचा दिवस. एतेलकाने आदल्या दिवशीच मला तोंड भरून सांगितलं होतं, पाहुणे येणार, मी पोगाचाचे खारे पाव भाजणार. आणि उत्तर आलं तेव्हा चर्चच्या दुपारच्या घंटा वाजायला लागल्या होत्या. मी छातीवर क्रूसाची खूण केली आणि पट्टी फाडली.”

“उत्तराला नेहमी किती वेळ लागतो?”

“भरपूर. मी प्रश्न घालते, मागे जाऊन बाटल्या लावते, कॉफी पिते, मग येऊन बघते. त्या दिवशी मात्र बाटल्याही लावून झाल्या नाहीत, तोच उत्तर. मला बरं वाटलं. म्हटलं, आज यंत्राच्या अंगात वारं शिरलंय.”

हालापीबाईंनी चष्मा काढला. “बाटल्याही लावून झाल्या नव्हत्या?”

“हो. का, त्यात काय वाईट?”

बाई खिडकीच्या कट्ट्यावर टेकून स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, “समजा, कपाटातली एक चावी हरवलीय. हरवली आहे हे कळायला मला सगळे कप्पे बघावे लागतात. उलट सापडली, तर मी लवकर थांबेन.”

मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. तेवढ्यात वरच्या मजल्यावरची परिचारिका डोकावली.

“डॉक्टर, झिगमोंदकाकांचा रक्तदाब पुन्हा उतरलाय. बायकोला जवळ बसवलंय. आजची रात्र निघाली तर निघाली.”

लेंकेने डोळे पुसले आणि सवयीने पुढच्या चिठ्ठीकडे वळून यंत्रात नावं घालायला लागली.

“हे काय?” मी विचारलं.

“एक बाळंतीण आहे, तिची औषधं. काम थांबतं होय? प्रोफेसरांनीच सांगितलंय, आता यंत्र ठीक आहे.”

आम्ही निघालो तेव्हा ती उत्तराची वाट बघत होती.

४

सिलार्द आमच्या विभागातला दुसरा माणूस, साहेबांच्या खालचा. यंत्राची देखभाल त्याच्याकडे. हुशार, तोंडाने तिखट, आणि रेकाची जागा आपल्या भाच्याला मिळावी म्हणून केव्हाचा टपलेला. माझा संशय कोणावर होता हे सांगायला नकोच.

“दुसऱ्याचं काम मध्येच मारून टाकता येतं?” हालापीबाईंनी त्याला उभ्याउभ्याच विचारलं.

“साध्या माणसाला नाही. ज्याचं काम त्यालाच येतं. नाहीतर ज्याच्याकडे यंत्राचा मुख्य परवलीचा शब्द आहे त्याला. त्याला काहीही मारता येतं.”

“तो कोणाकडे आहे?”

“माझ्याकडे आणि सरांकडे.” मग त्याच्या लक्षात आलं. “एक मिनिट. मी कशाला मारेन? रुग्णालयाच्या कामाला हात लावायचा नाही, हा नियम मीच भिंतीवर चिकटवलाय.”

“मग त्या दुपारी उत्तर इतकं झटकन कसं आलं?”

“सोपं आहे,” तो हसला. “आमच्याकडे पद्धत आहे. ज्याचा नामदिन, त्या दिवशी यंत्र त्याचं. बाकीचे सगळे आपापली कामं बंद करून बाहेर पडतात, तीच भेट. इथे फुलं सगळेच देतात, यंत्र फक्त आम्ही देतो. कोणी काम चालू ठेवलं तर तो अपमान समजतात. तेव्हा यंत्र मोकळं होतं, उत्तर पटकन आलं.”

“मोकळं कसलं डोंबलाचं!” मला राहवलं नाही. “मी पोगाचाची परात ठेवायला आत गेले होते ना. साहेब त्या परदेशी पाहुण्यांना नवीन प्रोग्रॅम दाखवत होते आणि पडद्यावर एकेक ओळ रखडत येत होती. पाहुणे घड्याळं बघायला लागले. साहेबांचे कान लाल झाले होते.”

“मग?” हालापीबाई माझ्याकडे वळल्या.

“मग काय, मी स्वयंपाकघरात आले. हा माझ्याबरोबर होता. पालिंका दारूच्या बाटलीचं बूच तुटून आत अडकलं, आणि हा सुरीने कोरत बसला होता, बुचाला शिव्या देत. तेवढ्यात घंटा सुरू झाल्या आणि पलीकडे टाळ्या. साहेबांचा प्रोग्रॅम एकदम पळायला लागला होता म्हणे, पाणी वाहावं तसा.”

“घंटा आणि टाळ्या एकदम?”

“अगदी एकदम. मी म्हटलंसुद्धा, बघ, चर्चमधूनही साहेबांना शुभेच्छा आल्या.”

“आणि रेका?”

“शेजारच्या खोलीत ग्लास पुसत होती. तिच्याकडे परवलीचा शब्द कुठला?”

बाईंनी एकदम माझा दंड धरला. मी काही भयंकर बोलून गेले की काय असं मला वाटलं. मग त्या सिलार्दला म्हणाल्या, “तीच दोन औषधं घाला. रक्ताचं पोर कामाला लागलं की मला सांगा.”

सिलार्द बसला. पडद्यावर नावं गेली. “हृदयाचं झालं,” तो म्हणाला. “मूत्रपिंडाचं झालं. आता फक्त रक्ताचं राबतंय.”

“यंत्राला सगळ्यात जास्त कोण खातंय, ते दाखवा.”

“हेच. यादीत सगळ्यात वर.”

“आणि आई?”

“तळाला कुठेतरी. झोपलीय.”

“मारा त्या पोराला.”

“मध्येच?”

“मध्येच.”

त्याने एक ओळ लिहिली आणि कळ दाबली. रक्ताचं पोर यादीतून नाहीसं झालं. नळीतून काही आलं नाही, तिचं तोंड बंद झालं एवढंच. आई जागी झाली. धोका सांगणारं एकही उत्तर तिच्याकडे नव्हतं. आणि डोळ्यांसमोर पडद्यावर अक्षरं उमटली.

हरकत नाही.

सिलार्दचा चेहरा पांढरा पडला. “देवा! पोर मेलं की काही सापडलं नाही, हे ती विचारतच नाही. तिला दोन्ही सारखंच.”

“पोर खोटं बोललंच नव्हतं,” हालापीबाई म्हणाल्या. “त्याला बोलूच दिलं नव्हतं.”

आणि मग मला लेंके आठवली, उत्तराची वाट बघत उभी असलेली. मी किंचाळले, “बाळंतीण!”

५

औषधालयाचा फोन लागेना. मी फिरवत होते, तिकडून एंगेजचा सूर येत होता. सिलार्द माझ्या खांद्याशी उभा राहून, “लाव ना, लाव ना,” असं म्हणत होता, जणू मी मजेत बसले होते. हालापीबाईंनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

शेवटी लागला.

“लेंके! त्या बाळंतिणीच्या गोळ्या!”

“परिचारिका घेऊन चाललीय. का?”

“थांबव तिला! धाव!”

रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला, मग लेंकेच्या टाचांचा, मग लांबून हाक. मी माझा रिसीव्हर कानाला दाबून धरला. फार वेळाने ती परत आली, धापा टाकत.

“थांबवली. जिन्यावर गाठली. आता सांग, झालंय काय?”

हालापीबाईंनी रिसीव्हर घेतला. “उत्तराला वेळ लागला होता का?”

“हो. नेहमीसारखाच. माझी कॉफी पिऊन झाली.”

बाईंनी डोळे मिटले. “मग बहुधा खरं असेल. तरी देऊ नका. आजपासून यंत्राचं ऐकायचं नाही, डॉक्टरांनी पुस्तक उघडून बघायचं. माझी आज्ञा म्हणून सांगा.”

बाईंनी फोन ठेवला. सिलार्द खुर्चीत मटकन बसला होता. त्याच्याबद्दल मी काय काय विचार केले होते ते आठवून मला अवघडल्यासारखं झालं, पण तेही क्षणभरच. कारण एक हिशेब माझ्याही डोक्यात जुळायला लागला होता, आणि तो मला नको होता. परवलीचा शब्द दोघांकडे. घंटा वाजत होत्या तेव्हा त्यातला एक माझ्यासमोर बूच कोरत होता.

“डॉक्टरीणबाई,” मी म्हणाले, “आपण चुकत असलो तर?”

“तर फार बरं होईल,” त्या म्हणाल्या. “रेकाला बोलवा. साहेबांच्या खोलीत.”

६

प्रोफेसरसाहेबांनी आम्हा सगळ्यांना एकदम आलेलं पाहून भुवया उंचावल्या. टेबलावर नामदिनाची फुलं अजून होती, वाळलेली.

हालापीबाई बसल्या नाहीत.

“साहेब, नियम पुसलेला नव्हता. पुसलेला असता तर पोराने बाकीचे सगळे नियम शेवटपर्यंत तपासले असते आणि मग रिकाम्या हाताने परत आलं असतं. त्याला नेहमीइतकाच वेळ लागला असता. इथे उत्तर लेंकेच्या बाटल्या लावून व्हायच्या आत आलं. म्हणजे पोराचं काम पुरं झालंच नाही. ते मध्येच मारलं गेलं, आणि तुमच्या आईने त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ ‘नाही’ असा लावला.”

“मनोरंजक कल्पना आहे.”

“आम्ही आत्ताच करून पाहिली. पुढे ऐका. मारणाऱ्याला मुख्य शब्द ठाऊक हवा. असे दोघे. रुग्णालयात उत्तर आलं दुपारच्या घंटांबरोबर. त्याच घंटांबरोबर तुमचं रखडलेलं प्रात्यक्षिक पळायला लागलं. दोन्ही गोष्टी एकाच कारणाने झाल्या. यंत्राच्या छातीवर बसलेलं कोणीतरी त्या क्षणी उठवलं गेलं. सिलार्द तेव्हा स्वयंपाकघरात होता. यंत्रासमोर तुम्ही होता.”

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. “याला पुरावा?”

“नाही. एकही नाही. माझ्याकडे फक्त तर्क आहे. तुम्ही नाही म्हणालात, तर उद्या समितीपुढे तुमचा शब्द आणि माझा. गप्प बसलात तरी चालेल, या पोरीचं जे व्हायचं ते होईल. तुमच्या प्रोग्रॅमच्या हिशेबाने तर गप्प बसणं म्हणजे ‘नाही’च. मी मात्र तसं धरत नाही.”

मी इतकी वर्षं त्या माणसाला पाहिलं आहे. त्यांच्या बायकोच्या अंत्ययात्रेला मी त्यांच्यामागे चालले होते. ते नाही म्हणतील असं मला वाटलं, आणि मी मनातल्या मनात देवाला विनवत होते की नको, नको.

ते रेकाकडे न बघता बोलायला लागले.

“पाहुणे उठायच्या बेतात होते. मी यादी उघडली. सगळ्यांनी कामं बंद केली होती, आणि वर एकच नाव, रक्त. मला वाटलं, हिने आपली चाचणी चालू ठेवलीय. माझ्या नामदिनालासुद्धा. सगळ्यात धाकटी, आणि तिलाच एवढी घमेंड. मला राग आला. काम रुग्णालयाच्या खात्यावरचं आहे, हे मी वाचलंच नाही. मारून टाकलं.” त्यांनी चष्मा हातातच ठेवला. “म्हातारा कोसळल्यावर पट्टीवरची तारीख पाहिली. तेव्हा कळलं.”

“आणि अहवाल लिहिलात,” हालापीबाई म्हणाल्या.

“पाहुणे प्रोग्रॅम विकत घेणार होते. सगळ्या विभागाचं भविष्य... नाही, ते जाऊ दे. मी घाबरलो.”

रेका दारापाशी उभी होती. ती ओरडेल, रडेल, काहीतरी फेकेल असं मला वाटत होतं. मला तर तेच हवं होतं. ती इतक्या हळू बोलली की सिलार्दने पुढे वाकून ऐकलं.

“सर, मी सकाळीच सगळं बंद केलं होतं. मी शेजारच्याच खोलीत होते. दार उघडं होतं. एक हाक मारायची होती.”

साहेबांनी तोंड हातांत लपवलं. मला त्यांची दया आली आणि त्या दयेचाच राग आला. ते रडत होते, पण रडण्याने ना झिगमोंदकाकांच्या अंगात रक्त भरणार होतं, ना या मुलीच्या झोपा परत येणार होत्या.

मग ते उठले आणि माझ्यासमोर आले.

“एतेलकाबाई, उद्यासाठी दुसरा अहवाल टाइप करा. मी सांगतो तसा. पण आधी रुग्णालयात फोन लावा. पालवोल्जीबाई नवऱ्याजवळ बसल्या असतील, त्यांना बोलावून घ्या.”

“कोण बोलतंय म्हणून सांगू?”

“माझं नाव सांगा. मी त्यांना रेकाचं नाव सांगितलं होतं, आता माझं सांगायचंय. मीच सांगतो, तुम्ही फक्त लावून द्या.”

मी नंबर फिरवला. सिलार्द उठून बाहेर गेला, हालापीबाईही ओव्हरकोट घेऊन त्याच्यामागे गेल्या. साहेबांनी रेकाला म्हटलं, “तू थांबायची गरज नाही. तुला त्रास होईल.”

“मी थांबते,” रेका म्हणाली. “तुम्ही काय सांगता ते मला ऐकायचंय.”

तिने भिंतीजवळची खुर्ची ओढली आणि ती त्यांच्या समोर बसली. पलीकडून म्हातारीचा थकलेला आवाज आला, कोण आहे म्हणून. मी रिसीव्हर साहेबांच्या हातात दिला, आणि ते बोलायला लागेपर्यंत आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो.